शिरोळचं कोरडं घर आणि टाळलेलं जेवण

मॅडमचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका टॉवरच्या पार्किंगच्या नकाशाशी झटापट करत होते. "स्टुडिओ बंद करतेय गं. गुडघे ऐकत नाहीत. एकदा येऊन जा," एवढंच त्या बोलल्या. शनिवारी पहाटे गाडी काढली.

हायवेची कामं चालू आहेत, तेव्हा कोल्हापूरला निघणाऱ्यांनी दोन तास जास्तीचे धरा आणि वाटेत खाऊन घ्या. मी खाल्लं नाही, आणि पोचल्या पोचल्या मिसळीवर तुटून पडले. जास्तीच्या कटानं डोळ्यांतून धारा लागल्या. "पुण्याचं पावणं दिसतंय!" वाढणारे काका ओरडले. मी इथलीच, पण वाद घालायला तोंड मोकळं नव्हतं.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात उसाला लागून दोन खोल्या, हा आमचा स्टुडिओ. तेव्हा माणसं तीन: मॅडम, नकाशे काढणारे इस्माईलभाई आणि मी, नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, शिंगं फुटलेली. मॅडमचा नियम एकच. ज्यानं घर डिझाइन केलं, त्यानं पहिल्या पावसाळ्यानंतर त्या घरी जेवायला जायचं. घरचे नावं ठेवतील ती खाली मान घालून ऐकायची, आपली बाजू मांडायची नाही. घराचं काम त्या जेवणानंतरच संपतं, असं त्या म्हणायच्या.

माझं पहिलं घर शिरोळचं. मालक आण्णा आणि वैनी, थोडा ऊस, दोन म्हशी. पुराचा भाग म्हणून मी घर खांबांवर उचललं आणि बाहेरून जिना दिला. पहिल्याच पावसाळ्यात कृष्णेचं पाणी आलं आणि बोटीतून कुणीतरी फोटो काढला: चहूकडे पाणी, मधे माझं कोरडं घर. त्या फोटोवर मला पुण्याची नोकरी लागली. जेवायला जायचं राहून गेलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी टाळलं. कौतुकाची चटक लागली होती.

"शिरोळला गेलीस का कधी?" पुस्तकं खोक्यात भरता भरता मॅडमनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

"मग उद्या जा. इस्माईलभाई येतील."

जयसिंगपूरमार्गे दीड तास लागतो, उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर दोन. घर दुरूनच ओळखलं. शेजारी मात्र दगडांनी बांधून काढलेला उंच भराव होता, त्याला रुंद उतार. माझ्या नकाशात तो नव्हता.

"इंजिनेरबाई, लई उशीर केलासा," वैनी म्हणाल्या आणि ताटं घेतली. भाकरी, भरली वांगी, घट्ट दही.

"पुरात घर कसं राहिलं?" मी विचारलं.

"घर कोरडं ऱ्हायलं की," आण्णा म्हणाले. "पर आमी कुठं हुतो त्यात? म्हशी खाली सोडून वर कोण बसंल?"

"जिन्यावरनं चढवून बघितली म्हस," वैनी म्हणाल्या. "दोन पायऱ्या चढली आन् तिथंच थटली. मग छातीभर पाण्यातनं दावी धरून निघालो. रेडकू हातातनं सुटलं."

मला म्हशींचं कुणी सांगितलंच नव्हतं, असं ओठांवर आलं. पण नियम आठवला. आणि हेही आठवलं, की मोजमापाच्या दिवशी टेपच्या आड येतात म्हणून मीच त्या म्हशी बाजूला बांधायला लावल्या होत्या.

"आणि हा भराव?"

"तुमच्या मॅडम आलत्या की जेवायला," वैनी म्हणाल्या. " तुमच्या वाटणीचं त्यांनीच ऐकून घेतलं. म्होरल्या वर्षी ह्यो भराव घालून दिला, जनावरं चढतील असा."

मी इस्माईलभाईंकडे पाहिलं. "नकाशा मीच काढला," ते म्हणाले. "मॅडम म्हणाल्या, कळवू नका. जेवायला येईल तेव्हा कळेल."

संध्याकाळी बावड्यात मॅडमनी फक्त विचारलं, "जेवलीस?"

"हो."

माफी मागायची होती. मी खोक्यांना चिकटपट्टी लावत बसले.

पुण्यात परतल्यावर लॅपटॉप उघडला. माझ्या कामांत पहिला तोच फोटो आहे. मोठा करून खिडक्या पाहिल्या, जिना पाहिला, गच्ची पाहिली. इतकी वर्षं मी हा फोटो लोकांना दाखवत आले, आणि त्यात एकही माणूस नाही हे मला दिसलंच नव्हतं.