जिन्यावरची पाटी

पुण्याजवळ मांजरी गावात मी ज्या घरात खोली घेऊन राहायचो, त्याचा जिना बाहेरून होता, लोखंडी कठड्याचा. पहिल्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर कठड्याचं वेल्डिंग सुटलं होतं. मी तो गज सुतळीने बांधला आणि मालकांना काही बोललो नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पुण्यात कुणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा या घरमालक काकांनी खोली दिली. मला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात त्यांनीच नेलं, काकूंनी आठवडाभर पेज पाठवली. अशा माणसांकडे तक्रार कशी करायची, असं मला वाटायचं.

एका दुपारी आमचे डबे आणणाऱ्या मावशी त्या वळणावर दम खायला कठड्याला टेकल्या. सुतळी तुटली. त्या खाली फरशीवर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पत्रा आणि लाल रंग आणला. "तुझं अक्षर चांगलं हाय. लिही, जिना स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा." शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचो. त्याच वळणदार अक्षरात मी पाटी लिहिली.

महिन्याभराने मावशींच्या मुलीने वकिलामार्फत नुकसानभरपाईची नोटीस पाठवली. काका म्हणाले, "पाटी आधीपास्नं होती, एवढं सांग. बाकी काय बोलू नको."

मी मावशींना भेटायला गेलो. त्या कॉटवर होत्या, शेजारी वॉकर. रिकामे डबे पालथे घालून ठेवलेले.

"परत डबे सुरू करणार ना?" मी विचारलं.

"उभं राहता आलं तर. काय रे, तिथं सुतळी कुणी बांधली होती?"

"मी."

त्यांनी वॉकर जरा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "रोज बघायचे मी ती. वाटलं, बांधलंय म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून आहे. म्हणून तर टेकले."

तिथून मी सरळ मावशींच्या मुलीच्या वकिलांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. सुतळीचंसुद्धा. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं नाही म्हणून मालक सुटत नाहीत. जागा त्यांची, भाडं ते घेतात, जिना धड आहे का हे त्यांनीच बघायला हवं. आणि पाटी लावून ते टळत नाही. आधी लावली असती तरी."

संध्याकाळी काकांना मी हे तोंडावर सांगितलं. खोली सोडायची तयारी ठेवूनच गेलो होतो.

"लई शिकलास," ते म्हणाले. "कठडा सुटलाय हे तवाच सांगितलं असतंस, तर मी केला नसता का?"

"केला असता, काका."

"मग?"

तुमचे उपकार होते म्हणून बोललो नाही, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

काकांनी पकड आणली, तार सोडवून पाटी उतरवली आणि भिंतीला उलटी टेकवून ठेवली. चपला पायात घालत म्हणाले, "चल. मावशीचं घर दाखव."