सात नंबरचा नाश्ता

ऑफिसात तिला सगळे हेडबाई म्हणत. हे नाव काही लाडानं पडलेलं नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम तपासायची तिची एक रीत होती. लिहिणाऱ्याला शेजारी बसवायचं, आपली खुर्ची फिरवून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाठ करायची आणि म्हणायचं, वाच. नुसतं ऐकून कळलं तर मंजूर, नाहीतर नाव बदलून आण. बाई दिवसभर लोकांच्या कामाला नावं ठेवतात, असा विनोद चहाच्या टेबलावर कायमचा ठरलेला होता.

ही रीत आईची. आई सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. घरी कुणी "ते तिकडचं आण" म्हटलं की ती जागची हलायची नाही. समोरच्याला काहीच दिसत नाही असं धरून बोलावं, हा तिचा एकच धडा, आणि तो लेकीच्या हाडात मुरला.

त्या वर्षी त्यांच्याकडे एका इस्पितळाचं काम आलं. कुठल्या खाटेला जेवण द्यायचं, ऑपरेशनसाठी कुणाला उपाशी ठेवायचं, हे वॉर्डातून स्वयंपाकघराच्या पडद्यावर पोचवायचं. प्रोग्रामात प्रत्येक पेशंट म्हणजे एक ऑब्जेक्ट, आणि त्याला सांगायचं प्रत्येक काम म्हणजे एक मेथड. हा भाग चष्मेवाल्या सहकाऱ्यानं लिहिला होता. तो वाचू लागला, "पेशंट, अपडेट मील, ट्रू."

"ट्रू म्हणजे?"

"ट्रू म्हणजे हो."

"अरे, पण कशाला हो? जेवायला की उपाशी राहायला?"

वर टीप लिहिली आहे, असं तो म्हणाला. टीप कोण वाचतं, असं तिनं विचारलं, आणि त्यानं चष्मा पुसायला घेतला. तिचं म्हणणं साधं होतं. एकाच मेथडला हो-नाहीचं शेपूट लावू नका. दोन वेगळ्या मेथड करा, एक 'कीप फास्टिंग', म्हणजे उपाशी ठेवा, एक 'अलाउ मील', म्हणजे जेवू द्या. आणि विचारायचं असेल तर 'इज फास्टिंग', उत्तर हो किंवा नाही. 'इज नॉट फास्टिंग' तर मुळीच नको, कारण त्याचं उत्तर 'नाही' असं आलं की वाचणाऱ्याला दोन कोलांट्या माराव्या लागतात.

साहेब, म्हणजे या सगळ्यांचा प्रमुख, हिशेब करून मोकळा झाला. चाळीस ठिकाणी बदल, दोन दिवस, आणि सोमवारी एका वॉर्डात चाचणी. नावापायी एवढं थांबता येणार नाही. तिनं मंजुरी दिली नाही. मग त्यानं स्वतःच्या नावानं दिली, आणि तिच्या वार्षिक अहवालात एक ओळ घातली: 'नावांवर वेळ घालवते.' खाली तिनं सही करायची होती.

तिनं सही केली नाही. साहेबानं गोड आवाजात सांगितलं की आठवड्यात सही आली नाही, तर तपासणीचं काम चष्मेवाल्याकडे जाईल. एकोणीस वर्षांचं काम एका ओळीत घालवायला निघाला होता गृहस्थ. तिला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. घरी नवरा म्हणाला, एकच तर ओळ आहे, टाक करून सही.

"मी आयुष्यभर एकेका ओळीसाठीच भांडत आले," ती म्हणाली आणि कागद पर्समध्ये घातला.

सोमवारी चाचणीसाठी सगळे सकाळी सातलाच आले. खबरदारी म्हणून वॉर्डातून जुना कागदही स्वयंपाकघरात जात होता. पावणेआठला तिथल्या मुख्य बाईचा फोन आला. मंजुरी साहेबाची, म्हणून फोनही साहेबालाच. सात नंबरच्या खाटेला पडद्यावर नाश्ता दिसतोय आणि कागदावर उपाशी लिहिलंय, दहाला ऑपरेशन आहे, ट्रे हातात आहे, काय करू?

साहेबानं प्रोग्राम उघडला. ट्रू. चष्मेवाला म्हणाला, म्हणजे उपाशी. स्वयंपाकघराचा पडदा तयार करणारी म्हणाली, छे, म्हणजे जेवण, मी तसंच धरलंय. साहेब फोन घेऊन तिच्या टेबलापाशी आला.

आधी तिनं फोन घेतला. "बाई, ट्रे थांबवा. कागद खरा. पडदा बंद करा आणि सगळ्यांचा नाश्ता कागदावरूनच पाठवा. ज्यांना खायचंय त्यांनाच तो उपाशी दाखवत असणार."

मग फोन तसाच चालू ठेवून तिनं खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ केली.

"वाचा, साहेब."

तो घसा खाकरून वाचू लागला. "पेशंट, अपडेट मील, ट्रू."

"म्हणजे काय करायचं?" फोनमधून मुख्य बाईनं विचारलं.

तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि चष्मेवाल्याला बसायची खूण केली.

दोन दिवसांचं काम त्याच दिवशी दुपारी चारला संपलं. चष्मेवाला मान खाली घालून चाळीसही ठिकाणी बदल करत गेला आणि तिनं प्रत्येक ओळ ऐकली. शेवटी तिनं मुख्य बाईला फोन लावला आणि वाचलं, "पेशंट, कीप फास्टिंग."

"उपाशी ठेवायचं. कळलं. पुढचं?"

संध्याकाळी साहेब आला. अहवालातली ती ओळ काढून टाकतो म्हणाला, झालं गेलं विसरून जा. तिनं पर्समधून कागद काढला.

"काढू नका. खरीच आहे ती."

आणि 'नावांवर वेळ घालवते' याच्या खाली तिनं लिहिलं: 'हो, घालवते. पुढेही घालवीन. शंका असल्यास सात नंबरच्या खाटेला विचारावं.' मग सही केली, पूर्ण नावाची, कुणालाही वाचता येईल अशी.