पिठलं-भाताची घाई

विमान बर्फावर पडलंय, एवढं ऐकून सुनेने कुकरखालची शेगडी बंद केली आणि तिथेच खाली बसली. फोन मुलाच्या कंपनीतून आला होता. माझा मुलगा त्या विमानात होता. जिवंत आहे की नाही, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. वादळामुळे शोधायला निघालेली माणसं अर्ध्यातून परतली होती.

मुलगा विमानं दुरुस्त करतो. आम्ही तेव्हा परदेशात, रिकार्टन नावाच्या उपनगरात राहायचो. तिथली नोकरी सुटली म्हणून तो काही महिन्यांसाठी कॅनडाच्या पार उत्तरेला गेला होता. तिकडे रस्ते नाहीत. पीठ, डिझेल, औषधं, सगळं मालाच्या विमानाने जातं, आणि वाटेत बिघाड झाला तर मिस्त्री बरोबर लागतो. "इथली थंडी पुरत नाही का तुला?" असं मी जाताना विचारलं होतं. तो नुसता हसला.

सुनेने एका मैत्रिणीला कळवलं. झालं. दुपारी दाराशी बूट आणि जांडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, ढीग. सगळी पुण्या-मुंबईची, शिकलेली माणसं. कुजबुजत बोलत होती. एकीने ओट्यावर पातेलं ठेवलं. मी झाकण काढलं, तर पिठलं. दुसरीच्या डब्यात भात.

आमच्यात ज्या घरातलं माणूस जातं तिथे चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भात आणतात.

"कोण गेलंय?" मी विचारलं.

जिने पातेलं आणलं ती म्हणाली, "तसं नाही हो काकू. पटकन होतं म्हणून केलं."

"पोहेही पटकन होतात."

नात म्हणाली, "आजी, दे आर जस्ट बीइंग नाइस."

"असू देत. ते पातेलं बाहेर पायरीवर ठेव."

मी शेगडी लावून कुकर पुन्हा चढवला. सून म्हणाली, "आई, आज राहू द्या ना."

"का? मला न सांगितलेलं काही कळलंय तुला?"

"नाही."

"मग ऊठ. कणीक मळ."

ती उठली. रडतच होती, पण कणीक नीट मळली. आलेल्यांना मी कोबी चिरायला बसवलं. एक गृहस्थ कॉम्प्युटरवर तसली विमानं किती वेळा पडतात ते शोधून सगळ्यांना वाचून दाखवत होते. त्यांच्यापुढे लसूण ठेवला. निदान तोंड बंद झालं. संध्याकाळी सगळी मंडळी आमच्याकडेच जेवून गेली. जाताना पातेलं मात्र कुणी उचललं नाही.

फोन दुसऱ्या दिवशी आला. सून पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानेच तिने तो घेतला.

विमानात तिघे होते. दोन्ही वैमानिक गेले. माझा मुलगा मागे मालाच्या पोत्यांमध्ये बसला होता. तो वाचला.