विजेचा पाणकर

चिचगडहून सोळा किलोमीटर आत, जंगलाच्या पोटात, सालईटोला नावाचे गाव आहे. सरकारी विजेचे खांब जंगलाच्या कडेपर्यंत आले आणि परवानगीची वाट पाहत तिथेच उभे राहिले. ही संधी साधून चार वर्षांपूर्वी नागपूरची ‘किरणवाट ऊर्जा’ ही कंपनी गावात उतरली. तिने टेकाडावर सौर पॅनेल मांडले, शेजारच्या खोलीत बॅटरी ठेवली, तीन लाइनी ओढल्या आणि एकशे बारा घरांना वीज विकू लागली. उद्घाटनाच्या भाषणात मालक म्हणाले, सूर्याचे भांडार कधी रिते होत नाही. टाळ्या झाल्या. महिना मे होता. मे महिन्यात हे वाक्य कुणालाही सुचते.

खोलीची किल्ली सांभाळायला गावातला माणूस हवा होता, म्हणून कंपनीने परसराम लंजे यांना घेतले. वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी. गाव ज्याचे ऐकते असा माणूस द्या, असे कंपनीने म्हटले होते आणि गावाने एकच नाव सांगितले. लंजे हे तलावाचे पाणकर. जुन्या तलावाच्या पारीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायचे दार असते, त्याला इकडे तुडुम म्हणतात. ते कधी उघडायचे आणि कोणाच्या धानाच्या बांधीला आधी पाणी द्यायचे, हे पाणकर ठरवतो. आजाने ठरवले, बापाने ठरवले, वीस वर्षे परसराम ठरवत आले. नियम दोनच. पाणी अपुरे असले की पहिला मान पाटाच्या शेवटच्या बांधीचा, कारण तोंडाशी बसलेला तसाही ओढून घेतोच. आणि कोणाचे पाणी बंद करायचे तर एकट्याने नाही. प्रत्येक पाटावरचा एक माणूस पारीवर उभा करायचा आणि त्यांच्यादेखत बंद करायचे.

कंपनीने यातले काही विचारले नाही. तिने परसरामांना हिरवा टी-शर्ट दिला आणि ‘ऊर्जामित्र’ हे पद दिले.

पहिल्या महिन्यात परसराम चुकले. बॅटरी म्हणजे त्यांना तलावच वाटला. भरला तलाव पाणकर राखून ठेवतो. धान पोटरीत आले की लागणारे पाणी तेच. त्यांनीही भर उन्हात बॅटरी काठोकाठ राखली आणि दुपारी लोकांना पंखे लावू दिले नाहीत. भरलेली बॅटरी वरचे ऊन घेत नाही, ते वाया जाते, हे पंधरा दिवसांनी कळले. “सांडव्यावरून वाहून राहिलं होतं, न् मी लोकायले घामात बसवून राहिलो होतो,” असे ते स्वतःच चौकात सांगत सुटले.

दुसरी गोष्ट जुलैत कळली. तलावाला ढग म्हणजे सुबत्ता, पॅनेलला ढग म्हणजे दुष्काळ. हे उलटे गणित त्यांना चार दिवसांच्या एका झडीत उमगले. कंपनीच्या अभियंत्यांना उमगले नाही. त्यांनी वर्षभराच्या उन्हाची सरासरी काढली होती, आणि सरासरीत श्रावण दिसत नाही.

परसरामांनी पाण्यासारख्या विजेच्या पाळ्या लावल्या. झड लागली की आधी तिसरी लाइन, म्हणजे तलावापलीकडची टोली ही छोटी वस्ती. गावाच्या नळाचा पंपही तिच्यावरच होता. मग मधली. शेवटी चौकातली पहिली. पहिल्या लाइनीवर भैयाजी टेंभरे राहत. घरची धानाची चक्की, दोन फ्रिज, एक गिझर, आणि आपली पाळी शेवटी येऊ शकते ही कल्पनाच न सोसणारा स्वभाव. त्यांनी कंपनीला फोन लावला.

फोनवरून हिमांशू आला. हा कंपनीचा विभागप्रमुख, गोंदियाचा, तिशीतला. मोबाइलचे रिचार्ज जसे विकले जाते तशी वीज विकावी, असा शोध त्याने लावला होता. महिन्याला ठरावीक रक्कम भरा आणि वाटेल तेवढी वापरा, अशी ‘गोल्ड’ योजना त्याने चौकातल्या अकरा घरांच्या गळ्यात मारली. आकाशातून फुकट येते ते अमर्याद असते, असा त्याचा प्रामाणिक समज होता. मग त्याने खोलीत एक यंत्र बसवले. मोबाइलच्या नेटवर्कवरून नागपूरला बसल्या बसल्या कोणतीही लाइन चालू-बंद करता येई. परसरामांच्या हातातल्या खटक्यांना त्याने सील ठोकले.

“काका, आता तुम्हाला टेन्शनच नाही. ऑफिसमधून सगळं ऑटोमॅटिक. गोल्डवाल्यांना कभी कट नहीं.”

“न् झड लागली तं?”

“सिस्टम है ना.”

“सिस्टमले झड कोन सांगन?”

हिमांशू हसला, परसरामांच्या खांद्यावर हात ठेवून त्याने फोटो काढला आणि पाऊस यायच्या आत गोंदियाला निघाला.

गेल्या ऑगस्टात झड लागली. पहिल्या दिवशी संध्याकाळी बॅटरी उतरू लागताच यंत्राने हुकमाप्रमाणे कमी पैसे देणाऱ्यांची वीज तोडली. दुसरी आणि तिसरी लाइन बंद झाली. मधल्या लाइनीवर गावाचा मोबाइल टॉवर होता. तोही गेला, आणि त्याबरोबर नेटवर्क गेले. आता नागपूरहून नवा हुकूम येऊच शकत नव्हता. शेवटचा हुकूम तेवढा कायम राहिला: पहिली लाइन चालू. ज्या तारेवरून यंत्राला अक्कल पोचायची, ती तार यंत्राने स्वतःच कापली होती. ही करामत करायला कंपनीने बंगळुरूहून सल्लागार आणला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर आकडा एकोणीस टक्के होता. दहाच्या खाली गेली की बॅटरी स्वतःला बंद करून घेते आणि नागपूरहून माणूस व उपकरणे आल्याशिवाय उठत नाही. माणूस येणार कुठून? नाल्यावरचा रपटा, गावात यायचा ठेंगणा पूल, पाण्याखाली होता. बॅटरी बसली तर साऱ्या गावाचा अंधार पंधरा दिवसांचा, आणि आधीच कोरडा पडलेला नळही तितकेच दिवस बंद. विहिरीत गढूळ पाणी शिरले होते. चौकात मात्र अकरा गिझर चालू होते आणि ओले कपडे वाळवायला हिटर लावले होते. अमर्याद म्हटल्यावर कोण हात आखडता घेतो?

सील तोडले तर नोकरी जाईल, हे परसरामांना लेखी कळवलेले होते. त्यांनी डोक्यावर पोते घेतले आणि तीन घरी जाऊन हाका मारल्या. टोलीवरून सुलोचनाबाई आल्या, मधल्या लाइनीवरून किराणावाला दुर्गाप्रसाद. पहिल्या लाइनीवरून भैयाजी यायचे, पण ते कुडव्याला मुलाच्या घरी मुक्कामाला होते. त्यांच्या जागी छत्री घेऊन नंदाबाई आल्या, भैयाजींच्या बायको.

“वहिनी, तुमची लाइन बंद करून राहिलो,” परसराम म्हणाले. “तुमच्या देखत.”

“कर ना बाप्पा. मले कायले विचारतेस?”

“नेम आहे म्हणून.”

“मंग आयक. दोन्ही फ्रिज तीन दिवसांपासून चालून राहिले. एकात भोपळा आहे. दुसऱ्यात त्यायच्या बाटल्या.”

सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. दुर्गाप्रसादने विचारले, “कितनी बोतल, भाभी?”

“तू मोजाले येऊन राहिला काय बे?”

परसरामांनी विळ्याने सील कापले आणि पहिली लाइन पाडली. चार वाजले होते. मग अर्धा तास पंप, मग तासभर टॉवर, मग टोलीला दिव्यापुरती वीज, मग मधल्या वस्तीला. चौकाला सगळ्यांत शेवटी, तेही गिझर बंद असल्याची खात्री नंदाबाईंनी घरोघर जाऊन केल्यावर. पाचव्या दिवशी ऊन पडले तेव्हा आकडा अकरावर होता.

आठवड्याने रपटा उघडा पडला आणि हिमांशू नोटीस घेऊन आला. “वाचून दाखवतो, काका. आपने कंपनी के सील से छेड़छाड़...”

“वाचता येते मले.” परसरामांनी किल्ली टेबलावर ठेवली. “आज ढग आहेत. बेचाळीस टक्के आहे. कोनाचं बंद करता ते तुमी ठरवा. मी बांधीत निंदण काढून राहिलो.”

हिमांशू सकाळी अकरापासून खुर्चीत बसला. कुडव्याहून भैयाजींचे सात फोन आले. टोलीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन दारात येऊन बसल्या. गोल्डची वीज तोडली तर करार मोडत होता, टोलीची तोडली तर दाराबाहेर पाय टाकणे कठीण होते. हरित ऊर्जेवर त्याने गोव्यात दोन दिवसांचे शिबिर केले होते. हा धडा तिथे नव्हता. पाचच्या सुमाराला त्याने यंत्रातले सिमकार्ड स्वतःच्या हाताने काढले आणि बूट चिखलात रुतवत धुऱ्यावरून बांधीपर्यंत आला.

“आप ही देखो यार.”

“यार कोन?”

“काका.”

परसरामांनी निंदणाची ओळ पुरी केली आणि मग वर आले.

नोटिशीचे पुढे काही झाले नाही. कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेत मात्र परसरामांचा फोटो छापून आला, खाली मजकूर: ‘लोकसहभागातून विजेच्या मागणीचे अभिनव व्यवस्थापन’. त्यावर कंपनीला एक पुरस्कारही मिळाला. गोल्ड योजना सालईटोल्यात बंद झाली, बाकीच्या सहा गावांत अजून विकली जाते.

भैयाजींनी कोणाचे ऐकायचे नाही म्हणून डिझेल जनरेटर आणला. ढगाळ दिवशी चक्की त्याच्यावर चालते. त्यांचे कनेक्शन कायम असल्यामुळे कंपनीच्या यादीत ते शंभर टक्के हरित ग्राहक आहेत. जनरेटरची काजळी वाऱ्यासोबत टेकाडावर चढते आणि पॅनेलवर बसते. ती दर सोमवारी ओल्या फडक्याने पुसायची, हे काम ऊर्जामित्राचे.