चाकाला लावलेला कान

मोताळ्याच्या स्टँडमागच्या गॅरेजात मी दहा वर्षं जातोय, पण मिस्त्रीचं नाव मला ठाऊक नाही. हात पुसल्याशिवाय तो बोलत नाही, आणि बोलला तरी अर्धं गाडीशीच.

माझ्या नव्या गाडीला हँडब्रेकचा दांडा नाही, नुसतं बटण आहे; ते दाबलं की मागच्या दोन्ही चाकांजवळच्या छोट्या मोटरी ब्रेक आवळतात. मागचे ब्रेक पॅड बदलायला मी ती त्याच्याकडे नेली. त्यासाठी आधी त्या मोटरी मागे घ्याव्या लागतात. त्याने गाडीला तपासणीचा स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं, मोटरी मागे घेऊन झाल्या.

"झालं म्हनते हे," म्हणत तो आडवा झाला आणि चाकांना कान लावू लागला. "उजवीकडून आवाज आला. डावीकडून काऊन नाही आला?"

"स्कॅनर तर हो म्हणतोय."

"त्याले कान हायेत का?"

त्याने मोटरी तीनदा पुढेमागे केल्या. मला दोन्ही बाजू सारख्याच ऐकू आल्या. शेवटी त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मले समजून नाही राह्यलं, भाऊ. अन् समजल्याबिगर मी ब्रेक खोलत नसतो."

बुलढाण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली तर तासाभरात काम होईल. पण रोज गाडी लावताना मी एकदा बटण दाबतो, उतरून डाव्या चाकाशी वाकतो, आणि खरं सांगू, मलेही समजून नाही राह्यलं.