उपकारस्तुतीचा रविवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं तिलाही नाही — आणि खरं वाईट त्या अर्ध्यातच आहे.

मला किडनीचं दुखणं आहे. आजही आहे. मुलुंडच्या आमच्या चर्चमध्ये कुणालाही विचारा, ते सांगतील की मी पूर्ण बरा झालो, प्रार्थनेने झालो, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत झालो. त्यांना तसं मीच सांगितलं आहे.

ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. सकाळी उठलो की डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी बूट काढले की पायमोज्यांचे वळ पोटरीत रुतलेले. घाटकोपरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं — हे जाणार नाही, पण सांभाळलंत तर बरीच वर्षं काढाल. मीठ बंद. गोळ्या कायमच्या.

चर्चची आमची मंडळी लहान. बहुतेक घरं नगरकडून आलेली, एकमेकांच्या घरात नको तेवढं लक्ष असलेली. त्यांनी माझ्यासाठी दर शुक्रवारी उपवास-प्रार्थना सुरू केली. म्हातारी माणसं दिवसभर पाण्यावर राहत आणि संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने गुडघे टेकत. तुमच्यासाठी कुणी असं उपाशी राहिलंय कधी? त्याचं ओझं होतं. मला वाटू लागलं, मी बरा झालो नाही तर यांच्या उपासांचं काय?

पुढच्या तपासणीत काहीच फरक नव्हता. परत आलो तर पाळकसाहेब आणि चार-पाच जण जिन्यापाशीच थांबलेले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"सगळं साफ आहे," मी म्हणालो.

ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. कुणीतरी तिथेच मोठ्याने "हालेलुया" म्हणालं, कुणीतरी मिठी मारली, आणि मग — मग ते परत कसं घ्यायचं?

कुणी दुखण्यातून उठलं की आमच्यात रविवारी उपकारस्तुती करतात. बऱ्या झालेल्याने उभं राहून साक्ष द्यायची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. नंतर सगळ्यांचं प्रीतिभोजन. मी उभा राहिलो. एका पहाटे अंगातून काहीतरी गरम वाहून गेल्यासारखं झालं आणि सूज उतरली, असं सांगितलं. रडलोसुद्धा. ते रडणं खरं होतं, भीतीचं होतं. लोकांनी ते आनंदाचं धरलं. मग पंगतीत सगळ्यांदेखत मी मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "खोटं तुम्ही बोललात. आता मीठ मी लपवायचं का?" त्या दिवसापासून तिने सगळ्या घराचंच जेवण अळणी केलं. कुणी पाहुणा जेवायला बसला की म्हणते, माझ्या मेलीच्या हाताला चवच नाही.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्प राहिलो असतो.

आमच्या मंडळीत सुशीलाआत्या होती. माझी सख्खी आत्या नव्हे; सगळेच तिला आत्या म्हणत. विधवा, भाच्याच्या घरी राहायची. एके काळी उपासनेत पेटी वाजवायची. मग संधिवाताने तिची बोटं वाकडी होत गेली, पेटी सुटली, पुढे वेणी घालणंही सुटलं. पण ती कुढली नाही. आपले ते हात पुढे करून म्हणायची, "देवाने आधीच जोडून दिलेत. प्रार्थनेला बसलं की माझा तेवढा वेळ वाचतो." आणि स्वतःच आधी हसायची. दर गुरुवारच्या सभेत लोक काय काय मागत. आत्या फक्त आभार मानायची. दुखण्याने तोंड कडू झालेलं माणूस तिच्याकडे जाऊन बसलं की उठताना हलकं होऊन उठे. मीही बसलो होतो.

माझ्या साक्षीनंतर चित्र बदललं. तिची भाचेसून पंगतीतच म्हणाली, "बघा आत्या, विश्वास पक्का असला की होतं माणूस बरं." बाकीचे तोंडाने बोलले नाहीत, पण तिच्या हातांकडे बघू लागले. मी ते बघणं पाहिलं.

त्याच आठवड्यात तिने मला बोलावलं. घरात ती एकटीच होती. तिने जे विचारलं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"खरं सांग रे, तू कसं मागितलंस? मी तर मागायचंच सोडून दिलं होतं. मला वाटायचं, तो सोबत आहे ना, मग हात असे का असेनात. हा माझा आळस होता का रे?"

बघा — इथे दार उघडं होतं. मी खोटं बोललो, आत्या, मी बरा नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते तिने कुणाला सांगितलं नसतं. कदाचित हसलीही असती.

मी म्हणालो, "थोडा आळसच, आत्या. हट्ट धरावा लागतो."

हेच ते उरलेलं अर्धं.

आत्याने हट्ट धरला. उपास सुरू केले, डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं तिला वाटू लागलं होतं. तेव्हा माझ्या गोळ्या कपाटात शर्टांच्या घडीखाली होत्या. गुरुवारी ती आता आभार मानत नसे, हात मागायची. हात तसेच राहिले, दुखणं मात्र वाढलं. हातांवरचा विनोद बंद झाला. मग पदराखाली हात झाकून बसायला लागली, आणि पुढे यायचीच थांबली.

मी एकदा भेटायला गेलो. मोसंबी नेली होती. ती सोलून एकेक फोड तिच्या तोंडात दिली. ती म्हणाली, "माझ्यातच काहीतरी कमी असेल रे." मी पुढची फोड सोलली.

ती न्यूमोनियाने गेली. माझ्यामुळे गेली असं म्हणता येणार नाही. तेवढं सोपंही नाही ते. तिचं मरण मी आणलं नाही. तिचं समाधान घालवलं.

आता माझंच सांगतो, कारण ते न सांगणंही खोटंच होईल. दुखणं वाढलं आहे. अजून घाटकोपरला जातो. वाटेत चर्चमधलं कुणी भेटलं तर विम्याच्या कामाला चाललोय म्हणतो. गेल्या वर्षी एका सकाळी, तोंड सुजलेलं, समोर अळणी पेज, मी डोळे मिटले आणि लक्षात आलं की मला काही मागायचं नाही. तो सोबत होता. पेज गरम होती. पुरे होतं. तेव्हापासून बहुतेक सकाळी पुरे असतं. हे मी साक्षीसारखं सजवून सांगत नाही; आहे ते असं आहे.

आणि हे काय आहे ते मी लगेच ओळखलं, कारण आत्याने मला ते आधीच सांगितलं होतं. ती कितीतरी वर्षं तिथे राहत होती. आळस म्हणून मी तिला तिथून उठवलं, आणि आता तिथे मी राहतो.

मी बरा झालो नव्हतो. आत्याचा आळस नव्हता.