पुलाखालची बाग आणि पऱ्हाट्यांचं कुंपण

मी पहिल्यापासून भित्री. अख्खी आळी मला त्याच नावानं ओळखायची, तेव्हा आता लपवून काय उपयोग? विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि आमच्या गावातल्या पुढाऱ्यांना काहीतरी नवं करून दाखवायची घाई झाली होती. गावाबाहेर यवतमाळच्या छोट्या आगगाडीचा उंच पूल होता, दगडी कमानींचा. कमानींखाली उकिरडा आणि बाभळी. तिथं सगळ्यांसाठी बाग करायची असं ठरलं. ठरवणाऱ्यांत आमचे हेही होते, नगरपालिकेचे मेंबर.

बाग झाली छान, खोटं कशाला बोलू. कमानींची गार सावली, मोगरा, जास्वंद, लेकरांना झोके, मधल्या कमानीत झाडांच्या पाण्याचा हौद. पण गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण घातलं ते पऱ्हाट्यांचं. कापूस वेचून झाला की शेतातून उपटलेली ती वाळकी झाडं. आमच्याकडची सगळीच कुंपणं त्यांची, त्यामुळं कुणाला दुसरं काही सुचलंच नाही. पण मी रोज सकाळी तीच पऱ्हाटी चुलीत घालत होते. काडी लावायचा अवकाश, भडकायची. वरून कोळशाचं इंजिन जाणार आणि खाली लेकरांभोवती हे सरपण! दारही एकच.

"अजी, त्याले आग लागन ना," मी ह्यांना म्हटलं.

"तुले त सोताच्या सावलीचाही भेव वाटते," हे म्हणाले, आणि बाकीच्या मेंबरांना जाऊन तेच सांगून हसले.

माझी लेक सहा वर्षांची होती. शाळा सुटली की थेट बागेत. तिला बांधून तर ठेवता येत नव्हतं, म्हणून मी बजावत राहायची. विंचू, साप, ठिणग्या, आणि सगळ्यात जास्त तो हौद. "पाण्यात पाय टाकला त टांग तोडून ठेवीन," हे तर रोजचंच. गाडीची शिटी आली की तव्यावरची भाकर तशीच राहायची. खडखडाट पूल ओलांडून गेला की मग मी ती उलटायची, बहुतेक करपलेली.

चैत्रात एका दुपारी गाडी गेली, मी भाकर उलटली, आणि शेजारची चाची दारातून ओरडली, "बहू, बगीचे में आग!"

मी अनवाणीच धावले. चाची मागून ओलं पोतं घेऊन येत होती. दाराकडचं कुंपण तडतडत पेटलं होतं आणि आग दोन्ही बाजूंनी पुढं सरकत होती. धुरातून मला हौद दिसला. बाकीची लेकरं त्यात छातीभर पाण्यात उभी राहून रडत होती. माझी तेवढी बाहेर, हौदाच्या कठड्याला पाठ लावून, फ्रॉकवर पडणाऱ्या ठिणग्या झटकत. मला वाटलं, संपलं आता सगळं.

चाचीच्या हातातलं पोतं मी जळत्या पऱ्हाट्यांवर टाकलं आणि त्यावरून आत गेले. पायाला काय लागलं, पदर कुठं पेटला, काही कळलं नाही. लेकीला उचललं आणि तशीच पाण्यात उतरले. गावातली माणसं बादल्या घेऊन येईपर्यंत आम्ही तिथंच होतो.

"हौदात काहून नाही उतरली व?" मी तिला गदागदा हलवत विचारलं.

"तूच म्हणलं ना माय, टांग तोडीन."

मला रडूच फुटलं. ती ठिणग्यांना भ्यायली नव्हती असं नाही, मला जास्त भ्यायली होती.

त्या संध्याकाळी ह्यांनी माझा जळालेला पदर पाहिला आणि सावलीचं नाव पुन्हा काढलं नाही. पावसाळ्यात मेंदीचं कुंपण लागलं, दोन दारं झाली. बाग पुन्हा उघडली त्या दिवशी लेक उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"माय, जाऊ? हौदापाशी नाही जात. झोक्यावर उभी नाही राहात. दगडाखाली हात नाही घालत. गाडी आली त…"

माझी सगळी भीती तिला तोंडपाठ होती. तेवढ्यात शिटी झाली.

"जा," मी म्हणाले, आणि गाडी जायची वाट न बघता तव्यावरची भाकर उलटली.